नवी मुंबईत एका रात्रीपुरती परवडणारी खोली कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानतळ सुरू झाल्यापासून नवी मुंबईत मोठमोठी हॉटेलं येणार म्हणून बातम्या येतायत, येऊ देत, चांगलंच आहे. पण गावाकडनं एका दिवसाच्या कामाला आलेल्या साध्या माणसाला हजाराच्या आत स्वच्छ खोली, गरम पाणी आणि आतून नीट लागणारी कडी, एवढं कुठं मिळेल ह्याचं उत्तर इथं कोणाकडंच नाही. मी नेरुळला राहते, मराठवाड्यातनं आमच्याकडं सारखं कोणी ना कोणी येत असतं, ते घरी उतरतात म्हणून त्यांचं भागतं. ज्यांचं इथं कोणीच नाही त्यांनी काय करायचं?

आणि ही माणसं काही फिरायला आलेली नसतात हो. कोणी बेलापूरला कोकण भवनात सुनावणीला आलेलं असतं, कोणी महापे-तुर्भेकडं ऑनलाईन परीक्षेला, कोणी खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेक कॅन्सर हॉस्पिटलात पेशंट घेऊन. ट्रॅव्हल्सवाला पहाटे साडेचार-पाचला नेरुळच्या एलपी स्टॉपला नाहीतर कळंबोलीला हायवेवर उतरवून निघून जातो. हॉटेलचं चेक-इन दुपारी बाराला. आधी खोली पाहिजे तर आदल्या दिवसाचं भाडं द्या म्हणतात, म्हणजे माणूस पहाटे आला आणि रात्रीच्या गाडीने परत गेला तरी बिल दोन दिवसांचं! त्याला पाहिजे असतात फक्त सहा-आठ तास, आंघोळ करायला आणि पाठ टेकायला.

मागे नणंदेची मुलगी लातूरहून वडिलांबरोबर परीक्षेला आली होती, सेंटर लांब आणि सकाळची शिफ्ट म्हणून आदल्या रात्री सेंटरजवळच राहू म्हणाले. अॅपवर ८९९ रुपये दिसले म्हणून बुक केलं. तिथं गेल्यावर काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "तुमचं बुकिंग आमच्याकडं आलेलंच नाही, ऑनलाईनचा रेट वेगळा असतो, अठराशे होतील." मोबाईलवरचा कन्फर्मेशनचा मेसेज दाखवला तर म्हणे अॅपवाल्यांशी बोला, आणि अॅपवाल्यांचा फोन काही लागेना. रात्री साडेनऊ वाजता पोरीला घेऊन दुसरीकडं कुठं फिरणार, दिले अठराशे, आणि वर टॅक्स वेगळा लावून बारा टक्क्याने. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी पाच टक्केच आहे, म्हणजे हजाराच्या खोलीला पन्नास रुपये, हे किती जणांना माहीत असतं? बिलावर किती टक्के लावलेत ते प्रत्येकाने बघावं आणि पैसे द्यायच्या आधी छापील बिल मागावं.

दुसरं ते "लोकल आयडी चालणार नाही"चं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची बायको ठाण्याला अॅडमिट होती, हॉस्पिटलमध्ये रात्री एकालाच थांबू देतात म्हणून मुलगी आत आणि काका बाहेर खोली शोधत. वय सत्तरच्या पुढं, आधारवर पत्ता नेरुळचा, तर दोन-तीन ठिकाणी सरळ नाही म्हणून सांगितलं, शेवटी बिचारे हॉस्पिटलच्या खाली बाकड्यावर बसून राहिले. असा कुठला कायदा नाहीये, हा हॉटेलवाल्यांनीच लावलेला नियम आहे. पोलिसांची झंझट नको म्हणून लावतात हे मला कळतं, पण ओळखपत्र आहे, रजिस्टरमध्ये नोंद करायला माणूस तयार आहे, मग पत्ता जवळचा आहे हा काय गुन्हा झाला का! तासांवर खोली मागितली की तर माणसाकडं बघायची नजरच बदलते, त्यामुळं घरातली बाईमाणसं त्या वाटेलाच जात नाहीत. नीट चालवलेली, कॅमेरे असलेली, कुटुंबाला जाता येईल अशी तासांवरची सोय असली तर ही लाज राहणारच नाही. मुंबई सेंट्रलला रेल्वेने २०२१ मध्ये पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं हॉटेल, काढलं तेव्हा बारा तासांना ९९९ रुपये होते, तिथं कोणी वाकड्या नजरेनं बघत नाही.

मग आपल्याकडं का नाही? नवी मुंबईची स्टेशनं बांधताना ६७ टक्के पैसा सिडकोचा होता आणि ३३ टक्के रेल्वेचा. किती ऐसपैस स्टेशनं आहेत ही, जुईनगर, नेरुळ, बेलापूर कुठंही जाऊन बघा, वरच्या मजल्यावर कितीतरी गाळे शटर पाडून धूळ खात पडलेत. म्हणून सिडकोला माझं सांगणं आहे, त्यातल्याच काही गाळ्यांत बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी डॉर्मिटरी काढा, लॉकर द्या, संडास-बाथरूम स्वच्छ ठेवा, आणि भाडं आल्या वेळेपासून मोजा, दुपारी बारापासून नको. पहाटे उतरलेला माणूस रिक्षाला दोनशे रुपये न घालवता सरळ तिथं जाईल.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. वाशी स्टेशनजवळ आसाम भवन आहे, केरळ हाऊस आहे, ओडिशाचं आहे, उत्तर प्रदेशचं आहे. त्या राज्यांनी आपल्या माणसांची सोय केली, त्यांचं कौतुकच आहे. पण जालना, बीड, गडचिरोलीहून आपल्याच राज्यात आलेल्या माणसाने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागतो का बघायचं, नाहीतर फुटपाथ. वाशीत महाराष्ट्र भवन व्हावं ही मागणी किती जुनी आहे. ते होईल तेव्हा त्यात नुसत्या साहेब लोकांसाठी मोठाल्या खोल्या ठेवू नका, पेशंटचे नातेवाईक आणि परीक्षेची मुलं यांच्यासाठी एक अख्खा मजला ठेवा, आणि हे आत्ताच कागदावर लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नसतं.

तोपर्यंत जे येणारेत त्यांना एवढंच सांगते, अॅपवर पैसे भरायच्या आधी हॉटेलला स्वतः फोन करा, टॅक्स धरून एकूण किती आणि किती वाजता खोली देणार ते विचारा, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आधारची कॉपी द्यायची तर मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या वेबसाईटवर फुकट मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

महापालिकेने प्रत्येक लॉजच्या दारात रेटचा बोर्ड मराठीत लावायला सांगावं, आणि तुमच्या पेपरने एकदा ठाणे-नवी मुंबईतल्या अशा खोल्यांचे खरे रेट स्वतः फिरून छापावेत ही विनंती. परीक्षांचा सीझन सुरू व्हायच्या आधी छापलंत तर जास्त बरं.

आपली,
एक वाचक, नेरुळ