गेमच्या खात्यांवर टपलेले बनावट ई-मेल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलांची खाती बनावट ई-मेल पाठवून लुबाडली जातात, याकडे आपल्या पत्राद्वारे इंदूरमधील मराठी पालकांचे लक्ष वेधू इच्छितो. वर्षानुवर्षे जमवलेली स्किन्स (गेममधील पात्रांचे आणि शस्त्रांचे सजावटी रूप), घरच्यांच्या पैशांतून घेतलेले यूसी किंवा रोबक्स हे गेममधील चलन आणि अनेकदा खात्याला जोडलेले कार्डसुद्धा एका पासवर्डच्या भरवशावर असते. म्हणून हा पोरखेळ समजून सोडून देऊ नये.

अशुद्ध भाषेवरून बनावट मेल ओळखावा, हा जुना सल्ला आता पुरत नाही. आमच्या शेजारच्या अकरावीतील मुलाला आलेल्या मेलमध्ये गेम कंपनीचे बोधचिन्ह हुबेहूब होते आणि 'आपल्याविरुद्ध तक्रार आली आहे, चोवीस तासांत पडताळणी न केल्यास खाते कायमचे बंद होईल' असे निर्दोष इंग्रजीत लिहिले होते. खरी खूण मेलमधील लिंकच्या पत्त्यात असते. गेम विकणाऱ्या 'स्टीम' या संकेतस्थळाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील 'एम' काढून तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिले, तर मोबाइलच्या लहान पडद्यावर फरक दिसतही नाही. कंपनीचे नाव पत्त्यात कुठेतरी आहे एवढ्यावर विसंबू नये. सुरुवातीचे 'https://' सोडून त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी जे नाव येते, तोच त्या संकेतस्थळाचा खरा मालक.

याहून फसवी युक्ती म्हणजे पानाच्या आतच चितारलेली लॉगिनची खोटी खिडकी, कारण तिच्यावर पत्ताही बरोबर दिसतो. संगणकावर ती खिडकी ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून पाहावी. बाहेर येत नसेल तर ती नुसते चित्र आहे. सर्वांत सुरक्षित मार्ग असा, की मेलमधील लिंकला हातच लावू नये आणि स्वतः गेम उघडून तिथे काही सूचना आहे का ते पाहावे. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू ठेवावी, पण तिचा कोड कुणालाही देऊ नये.

पासवर्ड दिला गेलाच, तर आधी ई-मेलचा आणि मग गेमचा पासवर्ड बदलून इतर सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे, आणि पैसे गेले असल्यास विनाविलंब सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मोबाइल काढून घेतला जाईल या भीतीने मुले हे लपवतात आणि चोराला आयतेच काही तास मिळतात, म्हणून मुलाने सांगितल्यावर त्याला रागावू नये, ही पालकांना कळकळीची विनंती. शहरातील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत असे खरे-खोटे मेल पडद्यावर शेजारी शेजारी दाखवण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

आपला,
एक पालक, राजेंद्रनगर, इंदूर