वैनी, सेंडऑफला जे कुणी बोललं नाही ते

नमस्कार वैनी,

परवा कॅन्टीनमध्ये तुमचा सेंडऑफ झाला. शाल झाली, नारळ झाला, साडी झाली, मग भाषणं सुरू झाली ती संपेनातच. मोठे साहेब म्हणाले वैनी म्हणजे आमच्या कंपनीची आई. एचआरवाले म्हणाले मायेची सावली. ठेकेदारानं तर कविता वाचली, तिच्यात पण आईच. मी मागं पंख्याखाली उभी राहून पेढा खात होते आणि खरं सांगू का, डोकं फिरत चाललेलं माझं. माया होती तुमच्यात, नाही कोण म्हणतंय, पण नुसत्या मायेवर कंपन्यांमधली कामं होत असती तर मग काय पाहिजे होतं. तुम्ही टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरीच्या खिडकीतल्या त्या मोडक्या खुर्चीवर बसून बायकांसाठी काय काय केलं त्यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही. काढणार तरी कसं म्हणा, निम्म्या गोष्टी तुम्ही त्यांच्याच विरोधात जाऊन केल्यात.

म्हणून मी लिहितेय. कंपनीचं नाव कुठं घालत नाही, तुमचंही नाही, काळजी करू नका. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, एवढंच पुरे.

2018 पासनं सुरू करते. मी क्वालिटीला होते, हातात मापं घ्यायचे व्हर्नियर आणि बोअर गेज, अख्ख्या शॉपफ्लोअरवर कोअर शॉपच्या, म्हणजे साच्यात घालायचे वाळूचे कोअर बनवणाऱ्या बायका सोडल्या तर मी एकटीच. चौथा महिना लागला तसं मी एचआरला सांगितलं, वाटलं अभिनंदन तरी करतील. त्यांनी ड्रॉवरमधनं टाइप केलेला कागदच काढला. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, खाली तारखेची जागा मोकळी. "आत्ता सही करून ठेव, डिलिव्हरी झाली की परत घेतो, जागा कुठं पळून जात्या व्हय." आवाज इतका गोड की मला ते खरंच मदत करतायत असं वाटायला लागलेलं. उद्या देते म्हणून कागद घेऊन मी बाहेर आले आणि पंचिंगला तुमच्या खिडकीशी आल्यावर रडायलाच लागले.

तुम्ही काय झालं ते पण विचारलं नाही. हातातला कागद बघितला आणि एकच प्रश्न केला, "सही केलीस का?"

नाही म्हटलं.

"मग झालं की. अर्धं काम तिथंच झालं. डोळे पूस आणि आत ये."

घरात सगळे मला सांगत होते धीर धर, सगळं नीट होईल, आपली माणसं आहेत, बोलून बघू. सासरे तर म्हणाले त्यांच्या ओळखीच्या कुणाला तरी फोन करतो. धीर मला सगळ्यांनी दिला हो वैनी, अर्जाचा नमुना फक्त तुम्ही दिलात. माझी पगाराची स्लिप काढायला लावली आणि ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या कपातीच्या रकान्यावर बोट ठेवलंत. म्हणालात पगार 21,000 च्या आत आहे, दर महिन्याला तुझ्यातनं आणि कंपनीतनं पैसे जातायत, तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे ईएसआय देणार, मालकाच्या खिशातनं एक रुपया जात नाही. मागच्या दोन काँट्रिब्युशन पिरियडमध्ये, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या दोन हप्त्यांत मिळून 70 दिवस भरलेले पाहिजेत, तुझे ढीगभर झालेत. आधी 12 आठवडे होते, 2017 ला 26 झाले. आणि बाई त्या रजेचा फायदा घेत असताना तिला कामावरनं काढता येत नाही, हे ईएसआयच्या कायद्यातच लिहिलंय, कलम 73. हे सगळं तुम्ही मस्टर लिहिता लिहिता सांगत होता, मान वर न करता. मी डिप्लोमा मेकॅनिकल, तुम्ही दहावी, आणि माझ्याच पगारातनं काय कापून जातंय ते मला तुमच्याकडनं कळत होतं.

मग अर्ज. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर इनवर्डचा शिक्का, नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ऑफिसात मुलगा म्हणाला साहेबांना विचारल्याशिवाय शिक्का मारता येत नाही, तर तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "मारू नको बाबा, काय हरकत नाही. आम्ही रजिस्टर एडीनं पाठवतो की." एवढंच बोललात, आवाज सुद्धा चढवला नाही. शिक्का पडला. दुसऱ्या दिवशी एचआरनं राजीनाम्याचा विषय काढला नाही, कधीच काढला नाही परत. ती शिक्क्याची प्रत अजून माझ्या कपाटात आहे, पोरीच्या जन्मदाखल्याच्या फाइलीत.

नंतर मला समजलं की तुम्हाला हे सगळं कुठनं माहीत झालं. मिस्टर मोल्डिंगला होते, ते गेल्यावर तुम्हाला कोअर शॉपला घेतलं ते ठेकेदाराकडं, आणि तिथं कपात व्हायची पण कार्डच कुणाला नव्हतं. पोराला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात आयपी नंबर, म्हणजे ईएसआयच्या विम्याचा नंबर विचारला तर तुमच्याकडं सांगायला काही नव्हतं. टाइम ऑफिसला आल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलं तर कोअर शॉपच्या प्रत्येक बाईचा नंबर काढून वहीत लिहिला आणि ज्यांचा नाही त्यांची यादी करून ठेकेदाराच्या बिलाला टाचली. ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ कंपनीच्या गळ्यात येतं हे अकाउंट्सला बरोबर ठाऊक होतं, बिल अडकलं, कार्डं आली. तोच ठेकेदार आता आईवर कविता करतोय, असो.

आता टॉयलेटचं. हे लिहायला लाज वाटत नाही, वाटायची त्यांना वाटू दे. लेडीज टॉयलेट एकच होतं, ॲडमिन बिल्डिंगच्या मागं, चावी शिपायाकडं. शॉपफ्लोअरवरनं भट्टीच्या कडेनं चालत जायचं, चावी मागायची, तो चहाला गेला असला तर उभं राहायचं, सगळे बघतायत. कोअर शॉपच्या बायका सकाळी घरनं निघताना पाणीच पीत नव्हत्या, वाळूच्या धुरळ्यात आणि गरमीत आठ तास. फॅक्टरी कायदा 1948 चा, त्यात बायकांसाठी वेगळी सोय पाहिजे असं स्पष्ट होतं, कंपनीचं म्हणणं की आहे की सोय, एक आहे. आम्ही दरवर्षी 26 जूनला शाहू महाराजांच्या फोटोला हार घालतो, ज्या राजानं 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्याच्या गावात बाईमाणसाला लघवीला जायला चावी मागायला लागते. भाषणात मात्र पुरोगामी कोल्हापूर.

तुम्ही तोंडी सांगून बघितलं, अर्ज करून बघितला, बजेट नाही म्हणाले. मग पुण्याहनं कस्टमरचं ऑडिट आलं. आमच्याकडं कस्टमर ऑडिट म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही, आदल्या रात्रीपर्यंत पिवळे पट्टे मारतात, कुंड्या भाड्यानं आणतात. त्या टीममध्ये एक मॅडम होत्या. जेवणाआधी त्यांनी हात धुवायला कुठं जायचं विचारलं, तर एमडींच्या केबिनची वॉशरूम तयार ठेवलेली होती, नवीन टॉवेल वगैरे. तुम्ही जवळच उभ्या होता. म्हणालात, "या की मॅडम, मी दाखवतो." आणि नेलं त्यांना आमच्या वाटेनं. कोअर शॉपमधनं, भट्टीच्या कडेनं, स्क्रॅपच्या ढिगाला वळसा घालून, दाराशी गेल्यावर शिपायाला हाक मारली चावी आण म्हणून, आणि शिपाई गेलेला चहाला. मी हाइट गेजवर होते, मला काचेतनं सगळं दिसत होतं. त्या मॅडम घड्याळ बघतायत आणि तुम्ही शांतपणे पदर सावरत उभ्या, जशा आपण बसची वाट बघतो तशा. ऑडिट रिपोर्टमध्ये तो मुद्दा आला, लाल रंगात, तारखेसकट. बजेट नव्हतं ना, महिन्याभरात कोअर शॉपला लागून दोन बांधली, आतनं कडी, बाहेर चावी नाही. उद्घाटन तेवढं केलं नाही हे नशीब.

मी रजेवरनं परत आले ते दिवस मी विसरायचे म्हटलं तरी विसरत नाही. पाळणाघर आमच्याकडं नाही, तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात 30 पेक्षा जास्त बायका असल्या तरच ते करावं लागायचं, आणि आम्ही ठेकेदाराच्या धरून सुद्धा तेवढ्या भरत नव्हतो. पोर घरी आईकडं, मी इथं, दुपारपर्यंत ॲप्रन ओला व्हायचा. तुम्ही टाइम ऑफिसच्या मागच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या मस्टरच्या गठ्ठ्यांमध्ये स्टूल टाकून दिलं, खिडकीला जुन्या साडीचा तुकडा लावला, आणि स्वतः दारात खुर्ची घेऊन बसायचा. कुणी आलं की, "आत जुन्या मस्टरचं काम चाललंय, नंतर ये." एकदा प्लांट हेड आले तर त्यांना पण तेच. ते विचारत होते कुठल्या वर्षाचं मस्टर, आणि तुम्ही बिनधास्त म्हणालात, "चालू सालचंच." मी आत पंप धरून हसत बसलेली, हसण्यानं बाटली सांडायची वेळ आली होती.

बाईला सेकंड शिफ्ट लावता येत नाही म्हणून क्वालिटीचा इन्चार्ज करता येत नाही, हे मी माझ्यानंतर लागलेल्या पोरांचे पेढे खात कितीतरी वेळा ऐकलं. त्याच्यावर तुमच्याकडं पण उपाय नव्हता. तुम्ही प्रत्येक अप्रेझलला मला लेखी कारण मागायला लावलं तेवढं, आणि दरवर्षीची उत्तरं एकाखाली एक लावल्यावर ती एकमेकांशी जुळत नाहीत हे त्यांच्याच लक्षात आलं. इन्चार्ज झाले मी, उशिरा झाले. तो उशीर भरून निघाला असं काही मी म्हणणार नाही, माझ्या बरोबरच्याचा पगार आजही जास्त आहे.

आणि कमिटीचं. नोटीस बोर्डावर फ्रेममध्ये बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा कागद होता, 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असली की ती करावीच लागते, नाही केली तर 50,000 पर्यंत दंड. अध्यक्ष म्हणून तुमचं नाव. आणि तुम्हालाच माहीत नव्हतं! मी वाचून सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणालात, "आता नाव घातलंयच तर काम पण करतो." गेला ना कागद त्यांच्या अंगावर. कायदा झेरॉक्स करून आणला, निम्म्या सदस्य बायका पाहिजेत म्हणून मला ओढलं, बाहेरची एक सदस्य पाहिजे ती कागदावर पण नव्हती, ती शोधली. 2022 ला एका पोरीची तक्रार आली. त्याच्याबद्दल मी इथं एक शब्द लिहिणार नाही, कायद्यानंच गुप्त ठेवायला सांगितलंय आणि तुम्ही आम्हाला ते शपथेसारखं पाळायला लावलं. एवढंच सांगते, तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी घेतली, चौकशी 90 दिवसांच्या आत संपवली, दोन्ही बाजूंचं ऐकलं, रिपोर्ट दिला. पोरगी आज चांगल्या ठिकाणी कामाला आहे.

त्याचं तुम्हाला काय पडलं ते मात्र मी लिहिणार. कॅन्टीनमध्ये तुमच्या टेबलवर कुणी बसेना झालं. ज्यांच्या पोरांच्या लग्नात तुम्ही आहेर केले ते मान खाली घालून जायला लागले. त्या वर्षीची तुमची वाढ नावाला. कुणीतरी म्हणालं म्हणे, वैनीनं घरातलं भांडण रस्त्यावर आणलं. ज्यांना तुम्ही आई वाटत होता परवा, त्यातलेच हे. आम्ही बायका तेव्हा तुमच्या टेबलवर येऊन बसायला लागलो, कोअर शॉपच्या सगळ्या डबे घेऊन, आणि तुम्ही वैतागून म्हणालात, "अगं सरका की, मला जेवू दे."

थँक्यू वैनी. फोनवर म्हटलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून लिहून.

आता कामाचं. तुम्हाला 58 पूर्ण झाली, पेन्शनचा फॉर्म 10डी तुम्ही अजून भरलेला नाही हे मला अकाउंट्समधनं कळलंय. सगळ्या कंपनीचे फॉर्म भरून दिले आणि स्वतःचाच तसाच. मी बघितलं, पीएफच्या रेकॉर्डला तुमचं नाव पुढं बाई लावून आहे आणि आधारला नुसतंच आहे, त्यामुळं ते अडकणार. जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नाव दुरुस्तीचा अर्ज करायला लागेल, त्याला कंपनीची मान्यता लागते, ती मी घेऊन देते, इनवर्डच्या शिक्क्यासकट. रविवारी दुपारी पोरीला घेऊन येतेय. आधार, बँकेचं पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा, आणि जेवायला काही करत बसू नका, तांबडा-पांढरा मी डब्यात घेऊन येते.

तुमची,
क्वालिटीची पोरगी