विजेच्या बिलामागचा हिशेब

बाल संरक्षण कक्षातल्या ताईंस,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून काढते आहे. सगळ्यांसमोर लिहिते, कारण आमच्या वाड्यावरच्या बायकांना अजून वाटतं की बाल कल्याण समिती काय, तुमचा कक्ष काय, सगळे मुलं उचलून नेणारे लोक. मलाही तसंच वाटायचं.

आमचे हे इथे गोव्यात, डिचोलीत, खनिजाच्या ट्रकवर होते. 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला, हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढे आजारपण आलं आणि ते गेले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. दोन घरचा स्वयंपाक करून मी आणायचे त्यात भाडं, किराणा, मुलांची शाळा काही बसेना. दारावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचे पैसे थकले तेव्हा दोघं मुलं म्हणाली, "आई, आम्हाला उंडे पाव आवडतच नाहीत." त्या रात्री ठरवलं, पोरांना आश्रमात ठेवायचं. निदान दोन वेळ पोटाला मिळेल.

तोच अर्ज घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी घरी आलात. गृहभेट म्हणजे झडती, असं धरून मी पहाटेपासून घर घासत होते. तुम्ही खाटेवर बसलात, मुलीची वही चाळलीत, धाकट्याला पाढे विचारलेत. मग म्हणालात, "हिशेब करूया." कागद मिळेना, तेव्हा विजेच्या बिलाच्या पाठीवर एकीकडे कमाई आणि एकीकडे खर्च मांडलात. तांदूळ, गॅस, कदंबा बसचं भाडं, धाकट्याचं दम्याचं औषध. खाली रेघ मारून आकडा लिहिलात: महिन्याला 3,400 कमी. "एवढ्यासाठी मुलांना आईपासून तोडायचं?"

ताई, तोवर मी समजत होते की आई म्हणून मीच कमी पडले. ते बिल मी अजून जपून ठेवलं आहे.

मिशन वात्सल्य या सरकारी योजनेचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वडील गेलेल्या किंवा आईबाप गंभीर आजारी असलेल्या मुलाला स्वतःच्याच घरी राहता यावं म्हणून महिन्याला 4,000 रुपये मिळतात, त्यात केंद्राचा 60 आणि राज्याचा 40 टक्के वाटा असतो. उत्पन्नाची अट गावात वर्षाला 72,000 आणि शहरात 96,000 रुपये. मुलानं शाळेत नियमित जायला हवं. 2015 च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलं आहे की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा अगदी शेवटचा उपाय. हे तुम्ही मला समजेपर्यंत सांगितलंत, एकदाही घड्याळ न बघता.

दाखल्यासाठी एका कार्यालयानं मला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी बाहेरच्या बाकावर रडत बसले होते. चौथ्यांदा तुम्ही स्वतः सोबत आलात. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा, म्हणजे दरमहा मदतीचा, अर्जही तुम्हीच भरून घेतलात. मंजुरीला साडेचार महिने लागले, तेवढ्यात तुमचा दर आठवड्याला फोन. कधी नुसतं "धाकट्याचा खोकला कसा आहे?" एवढंच विचारायला. मंजूर झालेले पैसे आज दोघांच्या खात्यात येतात, पण त्या साडेचार महिन्यांत मला धरून ठेवलं ते तुमच्या फोननं. सरकारनं योजना आखताना तुमच्यासारखी माणसं वाढवावीत, असं मला मनापासून वाटतं. एका ताईनं किती घरं फिरायची?

परवा शेजारची एक बाई दबक्या आवाजात विचारत होती, "मुलांना नेणार नाहीत ना?" मी तिला तुमच्या कक्षाचा पत्ता दिला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 हा नंबर पाठ करून घेतला, आणि सोमवारी तिच्यासोबत मीच येणार आहे.

थोरली आता दहावीला आहे. पुढच्या महिन्यात योजनेची फेरतपासणी, शाळेतून हजेरीचा दाखला आणून ठेवला आहे. दर वेळी घाईत असता, या वेळी मात्र जेवून जायचं. उंडे ताजे आणीन.

तुमची,
डिचोलीतली एक आई