तीन सूर्यांच्या गावाहून

झुरिक, सप्टेंबरअखेर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर काही धड बोलता आलं नाही. तुमच्या मागे फवारणीचा ब्लोअर चालू होता आणि बाबा नुसतं "हं, हं" करत होते. म्हणून लिहायला बसले. शनिवार-रविवार आम्ही दोघं लाव्होला, म्हणजे जिनिव्हा सरोवराकाठच्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात, जाऊन आलो, त्याबद्दल सांगायचंय. आणि खालच्या प्लॉटवरची बाग तुम्ही काढताय, त्याबद्दलही, पण ते नंतर.

आई, आधी तुझं. लेक वाइनच्या गावाला गेली म्हणून माळेला हात लावू नकोस. तिथे फोंड्यू, म्हणजे वितळवलेलं चीज, तेसुद्धा पांढरी वाइन घालूनच शिजवतात, हे कळल्यावर मी पाव, चीज आणि आलुबुखाराच्या फ्रूट-पायवर दोन दिवस काढले. वाइन मात्र घोटभर चाखली, लपवत नाही. द्राक्षाच्या घरातली मुलगी आहे, चव बघितल्याशिवाय बाबांना काय सांगणार? बाबा, फार गोड नाही, आंबटही नाही. पाण्यासारखी हलकी लागते.

बर्नकडून येणारी गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि एकदम पायाखाली जिनिव्हा सरोवर पसरलेलं दिसतं. पलीकडच्या काठाला फ्रान्सचे डोंगर. अलीकडे, सरोवरापासून थेट वरपर्यंत, पायऱ्या पायऱ्यांच्या द्राक्षबागा. लोझानला उतरून काठाकाठाने जाणारी लोकल धरली आणि सँ-साफोरँला उतरलो. गाव म्हणजे उतारावर एकमेकांना टेकून उभी असलेली दगडी घरं आणि मधून जेमतेम दोन माणसं जातील अशा गल्ल्या. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातला मैलाचा दगड ठेवलाय. गाव बघायला अर्धा तास पुरतो. खरं बघायचं ते गावाबाहेर.

बाबा, तुम्ही इथे असता तर पहिल्या बांधाशीच थांबला असता. सुमारे 800 हेक्टर, म्हणजे दोन हजार एकरांच्या आसपास बागा, आणि त्या सगळ्या भिंतींनी तोलून धरलेल्या. भिंती एकापुढे एक मांडल्या तर 400 किलोमीटरच्या वर जातात म्हणे. बाराव्या शतकात सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातल्या साधूंनी हा रानटी उतार साफ करून पायऱ्या बांधायला सुरुवात केली. वळवाच्या पावसाने माती खाली वाहून आली की लोक ती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वर नेत. काही वाफे इतके अरुंद आहेत की त्यात वेलींच्या दोनच ओळी बसतात. ट्रॅक्टरचं नावच नको. घडांचे क्रेट खालीवर न्यायला उतारावर एकाच रुळावरची दातेरी चाकाची छोटी गाडी बसवलीय. फवारणीला काही ठिकाणी हेलिकॉप्टर वापरत आलेत, आता ड्रोनही आले. भुरी आणि डाऊनी हे रोग त्यांनाही सोडत नाहीत, हे ऐकून तुम्हाला जरा बरं वाटेल.

वेली कमरेएवढ्याच. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारांना बांधलेल्या बुटक्या ओळी. जात शास्ला नावाची, पांढरी. मणी लहान, गोल, पिकला की सोनेरी, आणि आत बिया. आपल्याकडे 16-18 एमएमच्या खाली मणी गेला तर निर्यातवाला तोंड फिरवतो. इथे मण्याचा आकार कोणी विचारत नाही. उलट चौरस मीटरला किती माल घ्यायचा याची मर्यादा सरकार दरवर्षी ठरवून देतं. जास्त घड दिसले तर काढून टाकायचे. जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिडमध्ये) बुडवून घड फुगवण्यात तुमची उमर गेली, तुम्हाला हे पटणार नाही.

तिथले लोक म्हणतात, आमच्या द्राक्षाला तीन सूर्य आहेत: एक वरचा, दुसरा सरोवरात पडलेला, तिसरा भिंतीत साठलेला. दिवसभर तापलेले दगड रात्री ऊब सोडतात. मी संध्याकाळी भिंतीला हात लावून पाहिला, खरंच कोमट होती. आपण उन्हापासून मणी वाचवायला घडांना कागद बांधतो आणि हे लोक ऊन गोळा करत बसलेत!

रिवा गावाच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ भिंतीचा ढासळलेला तुकडा बसवत होते. माझं फ्रेंच मोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून मोडकं. निफाडला आमची बाग आहे म्हटल्यावर हातातला दगड खाली ठेवून बसले. आम्ही वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांची एकच छाटणी, हिवाळ्यात. थंडीत वेल आपली आपण झोपते, वसंतात आपली आपण उठते. मी सांगितलं, आमच्याकडे तिला झोपच लागत नाही, म्हणून काडीला पेस्ट लावून डोळे फोडावे लागतात. ते हसले. मग खुंटाचं, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्याचं, निघालं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपच्या मुळ्या खाल्ल्या, तेव्हापासून यांच्या वेलीही अमेरिकन खुंटावर. आपला डॉगरिज खुंटही अमेरिकेकडचाच. एवढ्यात तुमच्या जावयांचे गुडघे बोलू लागले, म्हणून निघावं लागलं.

आता खालच्या प्लॉटचं. बाबा, "वडिलांनी लावलेली बाग माझ्या हातून निघतेय," असं तुम्ही आईला म्हणालात, आईने मला सांगितलं. (आई, सॉरी.) म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

तो डोंगर बघताना कोणालाही वाटेल, काय या लोकांचं शेतीवर प्रेम! प्रेम असेलच. पण सरोवराचं दृश्य असलेली ती जमीन बंगल्यांसाठी कधीच विकली गेली असती. फ्रान्झ वेबर नावाच्या पर्यावरणवाद्याने मोहीम काढली आणि 1977 साली व्हो राज्याच्या लोकांनी मतदान करून लाव्होचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. 2007 साली युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. चढावरच्या बागांना सरकार अनुदान देतं, दगडी पायऱ्या असल्या तर जास्त. स्विस वाइन जवळजवळ सगळी देशातच संपते, बाहेर विकायला जावंच लागत नाही. लोझान शहराच्या स्वतःच्या मालकीच्या बागा आहेत, दरवर्षी त्या वाइनचा लिलाव होतो. एवढा टेकू असूनही पिणारे कमी होत चाललेत, पोरं बागेत राहायला तयार नाहीत, ही काळजी त्यांना आहेच. ते म्हातारबाबाच सांगत होते.

तुमच्या मागे यातलं काय होतं? फेब्रुवारीत गारपीट झाली की पंचनामा, आणि पंचनाम्यानंतर वाट. भाव व्यापारी ठरवणार. माल उचलून नेऊन पैसे बुडवणारेही आपण पाहिलेत. इतकं असून तुम्ही ती बाग एवढी वर्षं ओढलीत. ती काढताना तुम्ही कोणाचे गुन्हेगार नाही.

आणि खरं बघाल तर आजोबांच्या वेली आहेत कुठे तिथे? त्यांनी लावलेल्या तुम्हीच काढल्यात, डॉगरिजवर नवीन कलम केलंत, पुढे तेही बदललंत. लाव्होतसुद्धा वेली म्हाताऱ्या झाल्या की उपटतात. जुन्या आहेत त्या भिंती. आजोबांची विहीर आणि ओढ्याकडचा ताल (बांध) तुम्ही हलवताय थोडेच? खालच्या प्लॉटला मका करा, कांदा करा, नाहीतर एक वर्ष पडीक ठेवा. वरचा प्लॉट आहेच.

फक्त एक ऐका. लोखंडी अँगल आणि तारा भंगारवाल्याला घाईने देऊ नका. गावात कोणी नवीन बाग धरत असेल तर त्याला द्या, दुप्पट येतील.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जवळच्या व्हवे गावात द्राक्षमळेकऱ्यांची जुनी संस्था आहे. तिचे जाणकार बागा फिरून काम तपासतात, गुण देतात, आणि बक्षीस मालकाला नाही, बाग राखणाऱ्या कामकऱ्याला मिळतं. पिढीतून एकदा, शेवटचा 2019 साली, मोठा उत्सव भरवतात आणि त्यात या कामकऱ्यांना मुकुट घालतात. मला आपले पेठ तालुक्याकडून छाटणीला येणारे लोक आठवले. त्यांच्या टोळीला यंदा गोडी छाटणीला निरोप दिलात का? वरच्या प्लॉटला तेच हवेत, त्यांच्यासारखा डोळा कोणाला नाही.

आई, त्याच व्हवेत सरोवराकाठी चार्ली चॅप्लिनचा पुतळा आहे. तो शेवटची पंचवीसेक वर्षं तिथे शेजारीच राहिला. त्याच्याबरोबर फोटो काढलाय, पाठवते. बाबांसाठी भिंतीचे आणि कलमाच्या जोडाचे फोटो वेगळे काढलेत, ते मोठे करून बघा.

बाबांच्या पासपोर्टचं काम या महिन्यात उरकून घ्या. पुढच्या सप्टेंबरात, छाटणीच्या आधी, तुम्हाला पंधरा दिवस मोकळे काढायचेत. लाव्होचा तो रस्ता सँ-साफोरँपासून लुट्रीपर्यंत साधारण 11 किलोमीटर आहे. आईने चालायची काळजी करू नये, प्रत्येक गावाला स्टेशन आहे.

तुमची,
ताई

ता. क. म्हातारबाबांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही: डॉगरिजवरची वेल आपल्याकडे किती वर्षं नीट माल देते? त्यांचा फोन नंबर घेतलाय, सांगितलंत की कळवते.