चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना. त्या निमित्ताने येणारे लेख मी आवर्जून वाचते. ‘लवकर निदान झालं तर आजार बरा होतो’ हे त्यांत असतंच, आणि ते खरंही आहे. पण माझ्या मोठ्या भावाचं निदान झालं तेव्हा आजार यकृतात पोचला होता, म्हणजे चौथा टप्पा. असे लेख तो अर्ध्यातच बाजूला ठेवतो.

शौचावाटे रक्त पडायचं, ते त्याने मूळव्याध समजून आठ महिने अंगावर काढलं. हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, कोलोनोस्कोपीचं, म्हणजे नळीवरच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून तपासण्याचं, नाव कुणी काढलं नाही. तरी भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, “आधी का नाही दाखवलंस?” कृपा करून हे विचारू नका. तो प्रश्न त्याने रात्र रात्र जागून स्वतःला विचारलेला आहे.

चौथा टप्पा म्हणजे आता काही करण्यासारखं उरलं नाही, असं आम्हीही धरून चाललो होतो. आतड्यातलं रक्त आधी यकृताकडे जातं, म्हणून हा आजार बहुतेकदा तिथेच पहिला पसरतो. पण यकृताचा बाधित भाग काही रुग्णांत कापून काढता येतो, उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, आणि त्यातले काहीजण पूर्ण बरेही होतात. ते शक्य आहे का, हे यकृताच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनला विचारायला हवं. आम्हाला हे केमोच्या रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईंकडून कळलं! गाठीच्या जनुकीय तपासण्यांचंही तेच. केआरएएस, बीआरएएफ, एमएसआय ही नावं आधी कानावरूनही गेली नव्हती, पण कुठलं औषध लागू पडेल हे त्यांवर ठरतं. थोड्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा) मोठा फायदा होतो, तो या तपासणीशिवाय कळत नाही.

पॅलिएटिव्ह केअरला, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांना, आम्ही उगाच घाबरलो. ती शेवटच्या दिवसांपुरती नसते, उपचारांच्या जोडीने पहिल्यापासून घेता येते. ती सुरू झाल्यावर भाऊ शांत झोपू लागला.

आणि घरच्यांनी समजून घ्यावं असं बरंच आहे. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना गार वस्तूला हात लागला तरी झिणझिण्या येतात, गार पाणी घशाला टोचतं. पोटावर स्टोमाची पिशवी (पोटावर केलेल्या छिद्रातून येणारा मल गोळा करणारी) असलेला माणूस चारचौघांत यायला कचरतो. त्याला आग्रह करू नका, आपणच त्याच्याकडे जाऊन बसा.

अशा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी ४०व्या वर्षी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात. मी त्याच्यामुळे गेले. एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूची छोटी वाढ, सापडला, तो तिथेच काढला.

पुढच्या मार्चमध्ये चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांनी स्वतः लिहिलेला मजकूर छापावा, ही विनंती. माझा भाऊ लिहायला तयार आहे.

आपली,
एका रुग्णाची बहीण