कार्यकर्त्यांचे कागद रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाडा, कोपरी, वाशी इथल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्याच्या बातम्या आपल्या अंकात सतत असतात. घर रिकामे करायची तारीख आली की आधी माळा उतरवला जातो आणि तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेतले कागद किलोच्या भावाने जातात. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात राजकीय संग्रहांची अभिलेखपाल, म्हणजे जुने कागद जपणारी, आहे, राहते कोपरीत. हे पत्र त्या ट्रंकांसाठी आहे.

मोठ्या नेत्यांच्या कागदांना जागा मिळते. दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारातल्या ग्रंथालयात अशा खासगी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. पुस्तकांनाही कायद्याचा आधार आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी लागते आणि मुंबईतली प्रत टाउन हॉलमध्ये येते. पण जन्मभर एका वॉर्डात मोर्चे काढणाऱ्या, नळजोडणीसाठी अर्ज लिहून देणाऱ्या, मतदारयादी घेऊन जिने चढणाऱ्या माणसाच्या दप्तराला घरच्यांशिवाय कोणी वाली नाही. शहर कसे चालले हे मला तरी त्याच दप्तरातून जास्त कळले आहे.

एक उदाहरण देते. पाण्यासाठी किंवा स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी लोक सह्यांचे निवेदन देतात. मूळ निवेदन कचेरीत जाते. तिथे अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्ग कायम जपायचा, बाकीचे ठरल्या मुदतीनंतर नष्ट करायचे. त्यामुळे काही वर्षांनी मूळ निवेदन कचेरीतही सापडेलच असे नाही. मग त्या मागणीचा एकमेव पुरावा उरतो तो कार्यकर्त्याच्या घरची पोच, आवक क्रमांकाच्या जांभळ्या शिक्क्याची. घरच्यांना ती जुनी झेरॉक्स वाटते. मला ती हातात आली की त्या दिवशी दुसरे काम सुचत नाही, कारण खाली दीडशे-दोनशे सह्या असतात, काही अंगठे असतात, आणि त्यातली बहुतेक नावे दुसऱ्या कुठल्याही इतिहासात येणार नसतात.

कागद देणाऱ्यांना माझी सर्वांत कळकळीची विनंती अशी की, ते आधी निवडू नका. निवडून दिलेले कागद आमच्याकडे अनेकदा येतात. मोठ्या नेत्यांची चार पत्रे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आणि हारतुऱ्यांचे फोटो अल्बममध्ये, असे सगळे नीट लावलेले असते. हिशेबाच्या वह्या, पावतीपुस्तके, पत्रकांचे गठ्ठे मात्र गेलेले असतात. देणाऱ्यांनी ते प्रेमाने केलेले असते, म्हणून बोलवत नाही. पण नेत्याच्या सहीचे अभिनंदनपत्र पुष्कळ घरांत सापडते. एका सभेला मंडपाचे किती, लाऊडस्पीकरचे किती, वर्गणी कोणत्या दुकानांतून आली, हे लिहिलेली वही एकच असते.

कागदांचा क्रम मोडला तरीही नुकसान होते. सभेच्या पत्रकावर बहुधा साल नसते. ‘रविवारी सायंकाळी ६ वाजता जाहीर सभा’ एवढेच असते; तेव्हाच्या वाचकाला साल माहीत होते. आम्ही ते शोधत बसतो. तारीख आणि वार दोन्ही असतील तर जुनी कॅलेंडरे लावून काही सालांपर्यंत पोचता येते. पत्त्यात ‘ठाणे ४०० ६०३’ असा सहा आकडी पिनकोड असेल तर पत्रक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. निवडणुकीचे असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ते छापावे लागतात; छापखाना केव्हा होता हे कळले तर दशक ठरते. पण खरा भरवशाचा असतो तो शेजारचा कागद. त्याच सुतळीत मंडपवाल्याची तारखेची पावती असते आणि क्षणात साल मिळते. सुतळी सोडून पत्रके एका पिशवीत आणि पावत्या रद्दीत गेल्या की ते पत्रक कायमचे बिनसालाचे राहते. म्हणून गठ्ठा जसा आहे तसाच राहू द्या, धूळही झटकू नका.

पक्ष कोणता हे आम्ही पाहत नाही. देणाऱ्यांना संकोच होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो रास्त आहे. नगरसेवकाकडे आलेल्या अर्जांत लोकांची आजारपणे, भावाभावांची भांडणे, रेशन कार्डांचे तपशील असतात. असे कागद आम्ही लगेच वाचायला देत नाही. किती वर्षे बंद ठेवायचे ते घरच्यांशी बोलून दानपत्रात लिहितो आणि पाळतो.

नवी मुंबईतल्या गावठाणांना तर हात जोडून सांगावेसे वाटते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि या शहरासाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. भाषणे, कात्रणे, स्मरणिका मिळतात. घणसोली, तुर्भे, दिवाळे इथल्या घरांतले कागद मात्र ग्रंथालयापर्यंत फारसे येतच नाहीत. भरपाईचे दावे मागवणारी भूसंपादन कायद्याच्या कलम ९ ची नोटीस, भरपाई ठरवणाऱ्या निवाड्याची नक्कल, तिच्या पाठीवर आजोबांनी मांडलेला हिशेब, बैठकीला कोणत्या घरातून कोण आले त्याची यादी, असे हे कागद. भूखंड हाती आला की त्या फायलीचे काम संपले असे वाटते. कृपा करून तसे समजू नका. मूळ कागद द्यायचे नसतील तर स्कॅन करून त्याच दिवशी परत करता येतात.

जपण्याबद्दल थोडेसे. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत डिंक तपकिरी होऊन अक्षरे खातो. पावसाळ्यात ट्रंक जमिनीला टेकू देऊ नका. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरचे किती तरी असे गेले. भिजलेले कागद उन्हात टाकू नका, पंख्याखाली पसरा. चिकटलेली पाने ओढू नका.

आजच्या कार्यकर्त्याचे दप्तर फोनमध्ये आहे आणि फोन बदलला की तेही जाते. वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधला मजकूर एक्स्पोर्ट करून ठेवता येतो, तेवढे तरी निवडणुकीनंतर करावे.

गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एक सुचवते. घर रिकामे करण्याच्या नोटिशीत एक ओळ वाढवा, की जुने राजकीय-सामाजिक कागद टाकण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला कळवावे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. अशा संस्था, ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिका आणि विद्यापीठे मिळून निदान एक कोरडी खोली आणि एक फोन नंबर नक्की करू शकतील. त्यासाठी सुटीच्या दिवशी यायची माझी तयारी आहे.

आणि फोटो असतील तर ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर ठेवा. त्यांना ओळखू येतील तेवढी नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहून घ्या. बॉलपेन वापरू नका, त्याचा ठसा पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. हे काम घर बदलण्याची वाट न पाहता या रविवारीच करता येईल.

आपली,
एक अभिलेखपाल, कोपरी, ठाणे (पूर्व)
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)