बोलणाऱ्याची भाषा कापू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दर वर्षी १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन येतो आणि त्या सुमारास सामुदायिक रेडिओबद्दल, म्हणजे एखाद्या परिसरातील लोकांसाठी तिथल्याच संस्थेने चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्रांबद्दल, वर्तमानपत्रांतून थोडेफार छापून येते. देशातील केंद्रांची संख्या पाचशेच्या आसपास गेली, अमुक केंद्राला पारितोषिक मिळाले, तमुक विद्यापीठाने स्टुडिओ उभारला, असे त्या मजकुराचे स्वरूप असते. केंद्रे वाढावीत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या केंद्रांचे वेगळेपण ज्यावर उभे आहे, तो स्थानिक माणसांशी होणारा संवाद प्रत्यक्षात कसा ध्वनिमुद्रित होतो, कुठे कापला जातो आणि अखेरीस कोणत्या रूपात ऐकवला जातो, याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी सोलापूरचा, निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर सुमारे दोन वर्षे मी एका सामुदायिक केंद्रासाठी हौसेने, विनामोबदला, लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या गप्पा मुद्रित करून देत असे. (केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे तिथे घडले ते इतरत्र घडत नसेल असे मला वाटत नाही.) एकदा आमच्या पूर्वभागातील, म्हणजे शहरातल्या तेलुगू भाषकांच्या वस्तीतील, एका विडी कामगार बाईंशी बोलणे झाले. बाई उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओल्या फडक्यातले तेंदूचे पान काढायचे, पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे आणि दोरा गुंडाळायचा, हे काम बोलताना क्षणभरही थांबले नाही. माझ्याशी त्या मराठीत बोलत होत्या, सुनेला तेलुगूत हाक मारत होत्या, आणि पंचवीस विड्यांचा कट्टा बांधायची वेळ आली की वाक्य अर्धवट ठेवून ओठांतल्या ओठांत तेलुगूतच मोजत होत्या. ‘इरवै ऐदु’ झाले की दोऱ्याची गाठ, आणि मग तुटलेले मराठी वाक्य जिथल्या तिथे पुन्हा सुरू. त्यांचे अख्खे आयुष्य ज्या दोन भाषांच्या सांध्यावर गेले तो सांधा त्या चाळीस मिनिटांत मला जितका स्पष्ट ऐकू आला, तितका भाषाशास्त्रावरच्या कुठल्याही व्याख्यानात ऐकू आला नव्हता.

पंधरा दिवसांनी कार्यक्रम लागला तेव्हा त्यातून कात्रीचा आवाज गेलेला होता, मोजणे गेलेले होते आणि सुनेला मारलेली हाकही गेलेली होती. बाईंची तीन-चार सुटी वाक्ये ठेवून बाकीचे सारे एका निवेदिकेने अत्यंत शुद्ध मराठीत सांगितले होते, आणि मधल्या जागेत सतारीचा तुकडा वाजत होता. संकलन करणाऱ्या तरुणाला विचारले तेव्हा त्याने अगदी सरळपणे सांगितले की, मागे ‘गोंगाट’ फार होता आणि बाई मध्ये मध्ये काहीतरी पुटपुटत होत्या, ते श्रोत्यांना कळले नसते. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला शिकवलेच तसे होते, आणि खरे दुखणे तिथेच आहे.

श्रोत्यांना कळले नसते, हे कारण निदान सोलापुरात तरी टिकणारे नाही. या शहरात अशोक चौकातून दत्तनगरकडे निघालेल्या माणसाला वाटेत तेलुगू ऐकावेच लागते, बाळीवेशीत कन्नड कानावर येते, विजापूर वेशीजवळ दखनी उर्दू चालते, आणि या सगळ्यांचे पाणी लागून तयार झालेली आमची मराठी तर ‘काय करायलास बे’ या तीन शब्दांतच ओळखू येते. ज्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत संक्रांतीला सात नंदीध्वज मिरवतात, त्यांची बाराव्या शतकातली वचने कन्नडात आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावे आम्ही दर वर्षी एकतेचा दाखला म्हणून भाषणांत घेतो. (त्या भाषणांना पूर्वभागातल्या विडी कामगार बायका किती वेळा बोलावल्या जातात, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवतो.) अशा गावात चार वाक्ये तेलुगूत ऐकू आली तर कोणाचेही काही अडत नाही. ज्याला ती खरोखर कळत नसतील त्याच्यासाठी निवेदकाने पुढे एका वाक्यात अर्थ सांगावा, पण बोलणाऱ्याला गप्प करून त्याच्या जागी स्वतः बोलू नये.

कायदा आणि धोरण या बाबतीत आडवे येत नाहीत, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले न्या. पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००२ साली शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना असे रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. केंद्राने किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार करावेत आणि प्रसारण शक्यतो स्थानिक भाषेत किंवा बोलीत करावे, अशी अपेक्षा त्या धोरणातच लिहिलेली आहे. केंद्राच्या सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, हे २०२४ च्या सुधारित नियमांत आले. म्हणजे परवानगी बोलीची आहे आणि आपण ऐकवतो ते पाठ्यपुस्तक. सहभाग म्हणजे काय, याचा अर्थ मात्र प्रत्येक केंद्र आपापल्या सोयीने लावते आणि पाहुण्याला स्टुडिओत बोलावून छापील प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारले की तोही निम्म्या हिश्शात मोजला जातो.

याच्या उलट उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला सुमारे दोनशे किलोमीटरवर जहीराबाद लागते. त्या परिसरातील माचनूर या खेड्यातून १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संघांतील दलित शेतकरी स्त्रिया तो चालवतात आणि स्वतःच्या बोलीत, म्हणजे शहरी पुस्तकी तेलुगूत नव्हे तर त्या भागातल्या तेलुगूत, बियाण्यांवर, पिकांवर, सणांवर आणि औषधी पाल्यावर बोलतात. ध्वनिमुद्रण करणारी बाई त्यांच्यातलीच असल्यामुळे शेतातल्या कोंबड्याचा आवाज तिला गोंगाट वाटत नाही. आमच्या पूर्वभागातील विणकरांचे पूर्वज ज्या तेलंगणातून हातमागावर काम करण्यासाठी इकडे आले, त्याच तेलंगणातले हे खेडे आहे. त्यांच्या पणत्या-नातींना सोलापुरात आपल्या बोलीला ‘पुटपुटणे’ म्हणवून घ्यावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र सगळेच बोलणे जसेच्या तसे ऐकवावे, असा माझा आग्रह नाही, आणि या मुद्द्यावर केंद्रांपेक्षा आमच्यासारख्या हौशी ध्वनिमुद्रकांचीच चूक अधिक होते असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. सामुदायिक केंद्राचे प्रक्षेपक साधारण शंभर वॉट शक्तीचे असतात आणि त्यांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात पोहोचतो. ही मर्यादा शहरासाठी सोयीची खरी, पण तीच बोलणाऱ्यासाठी धोक्याचीही आहे. मुंबईच्या वाहिनीवर दिसणारा माणूस आपल्या मालकाविषयी जे बोलू शकतो ते इथे बोलणे अवघड असते, कारण ऐकणाऱ्यांत मालक असतो, मुकादम असतो, घरमालक असतो आणि सासूही असते. नाव लपवले तरी आवाज लपत नाही. त्या विडी कामगार बाईंनी मला छाटीविषयी सांगितले होते. हजार विड्या घेऊन कारखान्यात गेले की तपासणारा त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी मिळत नाही, आणि कोणाच्या किती बाजूला पडायच्या हे दर वेळी विडीच्या वळणावरच ठरते असे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बोलून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या की, हे लागल्यावर मला त्याच खिडकीशी जायचे आहे. तो भाग मी स्वतः काढून टाकला. म्हणजे कापाकापीला माझा विरोध नाही. ती बोलणाऱ्याच्या सांगण्यावरून व्हावी, ऐकवणाऱ्याच्या कानाच्या सवयीवरून होऊ नये, इतकेच मला म्हणायचे आहे.

यासाठी फार मोठा खर्च येत नाही. प्रसारणापूर्वी तयार झालेला कार्यक्रम ज्याचा त्याला ऐकवावा, मोबाइलवर ऐकवला तरी पुरे, आणि त्याने ‘हे नको’ म्हटलेले काढावे व ‘हे का काढले’ म्हटलेले परत घालावे. मुद्रण करणारी माणसे त्या त्या वस्तीतून निवडावीत. पूर्वभागातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या मुली हे काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगले करतील. विडी कामगारांवरचा कार्यक्रम सकाळी अकराला लावू नये, कारण त्या वेळी त्या बायका कारखान्याच्या रांगेत उभ्या असतात. मुद्रित झालेले मूळ साहित्य पुसून टाकण्याची जी सवय जागेच्या कारणाने लागली आहे, तीही आता सोडायला हरकत नाही.

केंद्रांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. दोन-तीन पगारी माणसांवर दिवसाचे आठ-दहा तास भरून काढायचे, वीजबिल भरायचे, आणि जाहिरातींना २०२४ पासून तासाला बारा मिनिटांपर्यंत मुभा असली तरी वस्तीतला किराणा दुकानदार जाहिरात देईलच असे नाही, त्यामुळे सरकारी खात्यांचे आणि संस्थांचे प्रायोजित कार्यक्रम घ्यावेच लागतात. प्रायोजकाला जनजागृतीचा ठाशीव संदेश हवा असतो. त्यात बाईंचे मोजणे बसत नाही. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा केंद्रांना नाही, हीसुद्धा अडचणच आहे, कारण वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आमच्या शहरात लोक एकमेकांशी सर्वांत जास्त कशावर बोलतात ते वेगळे सांगायला नको. तरीही पाणीपुरवठा, वीज, हवामान, रस्त्यावरची वाहतूक यांची माहिती देण्याला धोरणात वाव आहे आणि पाण्याच्या वेळापत्रकापासून सुरू झालेल्या गप्पा पुढे माणसाच्या घरापर्यंत आपोआप जातात.

त्या बाईंचे मूळ ध्वनिमुद्रण, छाटीविषयीचा भाग वगळून, माझ्याकडे अजून आहे. कात्री आणि ‘इरवै ऐदु’ यांसह ते ऐकवायला एखादे केंद्र तयार असेल तर आपल्या दैनिकामार्फत माझ्याशी संपर्क साधावा. मात्र ते हाती देण्यापूर्वी मी पुन्हा एकदा बाईंच्या घरी जाऊन त्यांना विचारीन आणि त्या नको म्हणाल्या तर देणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर